मशीनचा उपास

“ताई, ह्याच्या पोटात माल हाय अजून.”

केरबामामा चौगुले पावडर मिसळायच्या ब्लेंडरच्या लोखंडी जिन्यापाशी उभे होते. एका हातात झेंडूच्या फुलांची पाटी, दुसऱ्या हातात फडका. मी घड्याळाकडे बघत होते. सव्वापाच झाले होते. निपाणीची एस.टी. पावणेसहाला नाक्यावर यायची आणि ती चुकवून मला चालणार नव्हतं. सात वाजता घरी मला बघायला पाहुणे येणार होते, आणि आज उशीर केलास तर तुझं तू बघ, असं आईने सकाळीच बजावलं होतं.

“असू दे की मामा. परवा उतरवू.”

“परवा कुटलं? उद्या खंडेनवमी हाय.”

“मग? पूजा बाहेरूनच करायची असते ना? आतल्या मालाचं काय मध्येच?”

मामांनी पाटी खाली ठेवली. लहान मुलाला समजवावं तशा सुरात म्हणाले, “पूजेला बसतंय त्या दिवशी मशीनचा उपास असतोय, ताई. पोट रिकामं करायचं, आतनं पुसायचं, मगच हार घालायचा. मी तेलाच्या घाण्यावर होतो तवापासनं पाळतोय. भरल्या पोटी पूजा लागत न्हाई मशीनला.”

मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तेवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी होती, कारखान्याच्या छोट्या प्रयोगशाळेत दीड वर्ष काढलं होतं, आणि आपल्याला जे कळतं ते या लोकांना कळत नाही याची पक्की खात्री होती. ती खात्री पुढच्या अठरा तासांत पार उतरली.

कारखाना सोनटक्के साहेबांचा, कोल्हापूर-कागल रस्त्यावरचा. कपड्यांची पावडर करायचा. त्या वर्षी साहेबांनी एक नवी पावडर काढायचं मनावर घेतलं होतं. ऑक्सिजनवर डाग काढणारी पावडर तोवर गरम पाण्यातच नीट काम करायची, आणि आपल्याकडे कपडे भिजवायला पाणी तापवतंय कोण? म्हणून बाहेरून एक नवं रसायन मागवलं होतं, ब्लीच ॲक्टिव्हेटर. फिकट निळे, खसखशीएवढे दाणे. ते ऑक्सिजनच्या पावडरीत मिसळले की विहिरीच्या गार पाण्यातसुद्धा हळदीचा डाग हलायला लागायचा. मामांना मी पहिल्या दिवशी समजावलं होतं, “पांढऱ्या पावडरीत ऑक्सिजन झोपलेला असतो. पाणी लागलं की हे निळे दाणे त्याला हलवून उठवतात.” मामा म्हणाले, “म्हंजे जागल्याच म्हणा की,” आणि त्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव जागल्या पडलं. खरं नाव माझ्याशिवाय कुणाला घेताही येत नव्हतं.

दोन्ही कोरडी असतात तोवर एकाच पोत्यात गुण्यागोविंदाने राहतात. बादलीभर पाण्यात चमचाभर टाकलं तर थोडा आंबूस वास येतो, डाग जातो, विषय संपला. पण मोठ्या ढिगात थोडंसंच पाणी शिरलं तर उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ती शेजारच्या दाण्यांना तापवते, ते त्यांच्या शेजारच्यांना, आणि वर झाकण घट्ट असेल तर मग कठीण असतं. हे मला तोंडपाठ होतं. मामांनाही मी शिकवून ठेवलं होतं की आंबूस वास आला म्हणजे जागल्या उठला. तेव्हा घाबरून पळापळ करायची नाही, आधी मला बोलवायचं, मी बघेन आणि मी सांगेन.

या दोन रसायनांच्या मिश्रणाला कामगार मसाला म्हणायचे. ब्लेंडरशेजारच्या भिंतीवर मसाल्याचे दोन नियम माझ्याच ठळक अक्षरात लावले होते. पहिला, तपासणी झाल्याशिवाय मसाला उतरवू नये. दुसरा, मिसळलेला मसाला रात्रभर मशीनमध्ये ठेवू नये.

त्या संध्याकाळी ब्लेंडरमध्ये चारशे किलो मसाला होता आणि माझी तपासणी व्हायची होती. तिला दोन तास लागायचे. पहिला नियम पाळला तर दुसरा मोडत होता, आणि दोन्ही पाळले तर पाहुणे हात हलवत परत जाणार होते.

“झाकण घट्ट लावा,” मी म्हणाले. “झाकणातल्या खिडकीचे नटही आवळा. कोरडं आहे, काही होत नाही.”

“तुमी सांगताय म्हंजे ठेवायचं न्हवं?”

“हो. मी सांगतेय.”

मामांनी भिंतीवरच्या कागदाकडे एकदा पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेले होते, वाचता येत होतं त्यांना. मग ते पाना घ्यायला वळले. मी पर्स उचलली आणि पळाले. एस.टी. मिळाली. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि पुढे काहीच कळवलं नाही, ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मी पोचले तेव्हा शेड ओळखू येत नव्हती. खंडेनवमीला आमच्याकडे कामगारांची घरची माणसं यायची. वर्षातून तेवढाच एक दिवस त्यांना फाटकाच्या आत येता यायचं. आपला माणूस रोज कुठे राबतो ते बघायला बायका ठेवणीतली लुगडी नेसून यायच्या, पोरं पोत्यांच्या थप्पीवर चढायची. साठ-सत्तर माणूस तरी असेल. केळीचे खुंट बांधले होते, ऊस उभे केले होते, दारात गालिच्याएवढी रांगोळी. वजनकाट्याला हार, पोती ओढायच्या हातगाडीला हार, आणि सगळ्यांत मोठा हार अर्थातच ब्लेंडरला.

ब्लेंडर म्हणजे पुरुषभर उंचीच्या लोखंडी माच्यावर आडवा ठेवलेला एक भला मोठा हौद. खाली मसाला पोत्यात सोडायचा सरकता दरवाजा, वर जड झाकण, आणि झाकणात हात जाईल एवढी खिडकी. माझी नजर आधी त्या खिडकीकडे गेली. तिच्या चार नटांपैकी दोन सैल दिसत होते.

माच्यावर मामांची बायको हौसाबाई होती. मशीन चालवणाऱ्याच्या घरधनिणीने मशीन पुजायचं, असा आमच्या शेडचा रिवाज होता. हिरवं इरकल, कपाळभर कुंकू, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू घरचंच कार्य आहे. रिकामा तांब्या ती पदराने पुसत होती. मी भराभर जिना चढून वर गेले.

“आलीस व्हय लेकी? पावणं काय म्हणलं?”

“हौसाबाई, ही खिडकी कुणी उघडली?”

“म्यां की.” मग तिने आवाज खाली आणला. “आमचं मालक रातभर तळमळलं बग. म्हणं, मशीनचा उपास मोडला, आता पूजा लागायची न्हाई. म्यां म्हणलं, मोडला तर मोडला. उपास मोडल्यावर पारणं तरी रीतसर करावं का नगं? नारळाचं पाणी घातलं आत, वाईच पंचामृत घातलं. तोंड गोड केलं त्येचं.”

“किती घातलं?”

“ह्यो तांब्या. आन् खिडकी लावली बरं का पुन्यांदा. उगडी न्हाई ठेवली.”

“कधी?”

“झाला असंल अर्धा तास.”

मी ब्लेंडरच्या अंगाला तळहात लावला. पत्रा गरम होता. फार नव्हे, पण गरम होता. दोन हात पलीकडे लावला, तिथे गार होता. मी हात काढला आणि पदराला पुसला. ऑक्टोबरचं ऊन आहे, वर पत्र्याचं छप्पर आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ऊन ब्लेंडरपर्यंत येतच नव्हतं, हे मला दिसत होतं.

मग वास आला. धूप, कापूर, उदबत्त्या, झेंडू, माणसांच्या अंगावरची अत्तरं, या सगळ्यांच्या खालून एक बारीक आंबूस वास. लोणच्याची बरणी नासल्यावर येतो तसा. जागल्या उठला होता.

आता खरं तेच सांगते. त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात खालून सोनटक्के साहेबांचा आवाज आला, “चला, आरती सुरू करा. बेनाडीकर मॅडम, तुम्ही वरच थांबा, फोटो काढायचाय.” साहेब पांढराशुभ्र सदरा घालून बाईसाहेबांबरोबर भिंतीला लागून उभे होते, बरोबर माझ्या कागदाखाली. त्यावरची दुसरी ओळ मला माच्यावरूनही वाचता येत होती. मी ओरडले असते तर पहिला प्रश्न हाच येणार होता, की मसाला आत ठेवायला कुणी सांगितलं?

मला ब्लेंडरची भीती वाटत होती, पण त्या प्रश्नाची जास्त वाटत होती. मी मनातल्या मनात आकडेमोड केली. चारशे किलोत एक तांब्या. एखादं ढेकूळ तापेल, फसफसेल, विझेल. आरती संपेल, माणसं प्रसाद घेऊन बाहेर मांडवात जातील, मग मी आणि मामा हळूच खालचा दरवाजा उघडू. कुणाला पत्ताही लागणार नाही. पाच-सात मिनिटांचा तर प्रश्न होता.

खाली पुढच्याच रांगेत मामा उभे होते, नवी कोरी टोपी घालून. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आरती सुरू झाली होती. मी टाळ्या वाजवायला लागले.

गणपतीची आरती संपेपर्यंत वास दुप्पट झाला. हौसाबाई माझ्या शेजारी ताट घेऊन ब्लेंडरला ओवाळत होती. मी निरांजनाकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची हिंमत होत नव्हती. ताट झाकणापाशी गेलं की ज्योत एकदम लांब व्हायची, पांढरी पडायची. ताट अलीकडे आलं की पुन्हा पिवळी, साधी. पुन्हा झाकणापाशी, पुन्हा पांढरी. खिडकीच्या फटीतून ऑक्सिजन सुटत होता आणि त्याच्या तोंडाशी आम्ही दिवा नाचवत होतो. तरी टाळ्या चालूच होत्या. थांबवल्या तर सगळे माझ्याकडे बघतील असं वाटत होतं.

देवीची आरती सुरू झाली. खाली पुढच्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. त्यांना वाटलं धुपाचा धूर. एक मूल खोकत होतं, त्याची आई त्याला थोपटत होती. मी पाठीमागे हात नेऊन पुन्हा पत्र्याला लावला आणि चटका बसल्यासारखा ओढून घेतला. चटकाच बसला होता. मग कान लावून ऐकलं तर आतून आवाज येत होता. टिक्. टिक्. टिक्. तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यावर येतो तसला, पण खोलवरून.

मी ओरडले.

“बाहेर पळा! सगळे बाहेर!”

झांजा, घंटा आणि सत्तर माणसांचा खडा आवाज. माझं ओरडणं माझ्याच कानांपर्यंत नीट आलं नाही. हौसाबाई माझ्याकडे बघून हसली, मान डोलावली. तिला वाटलं, मलाही आरतीचा रंग चढला. मी तिचा दंड धरून ओढला, तर ती म्हणाली, “थांब लेकी, हुतीया की आता.” मी तिला सोडलं आणि जिना उतरून पळाले. आज वाटतं, सोडायला नको होतं. तेव्हा मात्र एकच सुचलं, दाराजवळची आगीची घंटा.

चांगली मोठी पितळी घंटा होती ती. आग लागली तर वाजवायची म्हणून साहेबांनी हौसेने आणलेली. मी दोर धरला आणि जीव खाऊन घंटा बडवायला सुरुवात केली. लोकांनी वळून पाहिलं, आणि टाळ्यांचा वेग वाढवला. कुणीतरी जयजयकार केला. साहेब माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आरतीला घंटा वाजवणाऱ्या बाईला काय झालंय, असा प्रश्न कुणाला का पडावा? मी रडत रडत घंटा वाजवत होते आणि साठ-सत्तर माणसं त्या तालावर देवीची आरती म्हणत होती.

एकट्या मामांनी टाळ्या थांबवल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वर ब्लेंडरकडे. पुढच्या दोन पोरांना काखेत मारलं, उभे केलेले ऊस लाथेने पाडले आणि पहाडी आवाजात ओरडले, “आग! भाईर व्हा! आग लागलीया!”

त्या एका शब्दाने जे व्हायचं ते झालं. सगळी गर्दी दाराकडे लोटली. मी भिंतीला चेपले गेले, दोर हातातच होता. रांगोळी, प्रसाद, चपला, सगळं पायांखाली. त्या लोंढ्याच्या डोक्यांवरून मला माच्यावर हौसाबाई दिसत होती. तिच्या हातात पेटलेलं ताट होतं, आणि अर्धी आरती टाकून ताट कुठेतरी भिरकावून द्यावं हे त्या बाईला सुचणं शक्यच नव्हतं. ते नीट ठेवायला ती जागा शोधत होती.

“हौसे, टाक त्ये! उडी मार!” मामा खालून ओरडले.

तिने ताट झाकणावर ठेवलं. दोन्ही हातांनी, वाकून, अलगद. आणि खिडकी उडाली.

आवाज फार मोठा झाला नाही. कुकरचं झाकण उडावं तेवढाच. लोखंडी तुकडा छपराला जाऊन आदळला आणि पांढऱ्या वाफेचा झोत सरळ तिच्या तोंडावर आला. ती ओरडलीसुद्धा नाही. दोन्ही हात डोळ्यांवर धरून खाली बसली. वर झेंडूचे हार भराभरा पेटले, ओले असूनही पेटले.

मामा तिला खांद्यावर टाकून खाली घेऊन आले. मी ओरडले, “नळाखाली धरा! डोळ्यांत पाणी घाला, थांबू नका!” बायकांनी तिला धरलं. मामा परत आत वळले.

“पाण्याचा पाइप घ्या मामा! खालचा दरवाजा उघडा, मी पाणी मारते!”

“पाण्यानंच उठलाय न्हवं त्यो?”

“थोड्या पाण्याने उठलाय! आता भरपूर लागेल!”

त्यांनी पहार घालून सरकता दरवाजा ओढला. आतला मसाला धूर सोडत जमिनीवर ओतला आणि मी त्यावर पाणी सोडलं. सोडतच राहिले. किती वेळ ते आठवत नाही. थांबले तेव्हा शेडभर पांढरा चिखल होता, त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि लहान मुलांच्या चपला होत्या. भिंतीवरचा माझा कागद भिजून खाली पडला होता.

माणूस एकही गेला नाही. दारातल्या रेटारेटीत एका मुलाचा हात मोडला, चार-सहा जणांना खरचटलं. हौसाबाईला कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता संपलं. साहेब काही विचारायच्या आतच मामा म्हणाले, “मसाला आत मी ठेवला. पाणी माझ्या बायकूनं घातलं.”

“मॅडम, तुम्ही उतरवायला सांगितलं नव्हतं?”

मी ओठ उघडले. मामाच बोलले, “ताई गाडीला गेल्या हुत्या.”

ते काही खोटं नव्हतं. मी ओठ मिटले. मामांना त्याच दिवशी घरी बसवलं.

याला आता सव्वीस वर्षं झाली. पुढे मी साहेबांना सगळं सांगितलं, मामांना कामावर परत घेतलं, आणि मला जावं लागलं. ते योग्यच झालं. नंतर मी दुसऱ्या कारखान्यांत सुरक्षेचं काम केलं, आणि घाबरट बाई म्हणून नाव मिळवलं. डब्यातल्या लोणच्याचा वास आला तरी मी शेड रिकामी करायला लावते, असं पोरं माझ्यामागे हसून सांगतात. एवढी का भिता, असं कुणी विचारलं की मी खंडेनवमीची गोष्ट सांगते, इथपर्यंत. यापुढची आजवर कुणाला सांगितलेली नाही.

महिन्याभराने मी मामांच्या गावी गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. मामा दारातल्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. आत, दाराशी उजेडात, हौसाबाई सुपात तांदूळ घेऊन खडे काढत होती, बोटांनी चाचपून. एक डोळा गेला होता. दुसऱ्याने ऊन आणि सावली एवढंच कळायचं. तिच्या बोटांना खडा लागला की ती तो बाजूला टाकत होती आणि तो परत सुपातच पडत होता.

मी मामांच्या समोर खाली बसले. “मामा, मसाला ठेवायला मी सांगितलं होतं. मी उद्या साहेबांना जाऊन सांगणार आहे.”

“सांगा की. सांगाय पायजेच.” त्यांनी एक शेंग फोडली. “पर त्येचं मला एवढं काय न्हाई, ताई. तुमी सांगायचं, आमी ठेवायचं, कामच त्ये. आन् तांब्या तर हिनंच ओतला, त्यो काय तुमी ओतला न्हाई.”

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, त्याची लाज अजून जात नाही.

“एक इचारू का?” मामा म्हणाले.

“विचारा ना.”

“वास मला बी आलता. आरतीच्या आदी, तुमी वर चढलासा तवाच. तुमीच शिकवलासा न्हवं, आंबूस वास आला म्हंजे जागल्या उठला. म्हणलं, हौसीला खाली बोलवावं. हाक मारणारच हुतो.” त्यांनी शेंग हातात तशीच धरली. “मग तुमच्याकडं बगितलं. तुमी मशीनला हात लावलासा. काडलासा. पदराला पुसलासा. म्हणलं, चला, ताईंनी बगितलंय.”

माझी मान खाली गेली. समोर शेंगांची टरफलं पडली होती, तीच मला दिसत होती.

“कोण आलंय वं?” आतून हौसाबाईने विचारलं.

“ताई आल्यात.” मग माझ्याकडे वळून, रागाने नव्हे, घडलं ते क्रमवार आठवून बघावं तसं ते म्हणाले, “तरीबी मी वाईच थांबलो हुतो. पर तुमी टाळ्या वाजवाय लागलासा. मग मी बी वाजवल्या.”